वाढवलेल्या बांगड्या : एका छोट्या भाजण्याचं प्रकरण

हे प्रकरण संबंधित कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बरीच वर्षं सरकारी रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात गेली. आता बचत गटांच्या बायकांना प्रथमोपचार शिकवते. वर्गात नियम सांगून झाले की कोणीतरी हमखास विचारतं, "पण सिस्टर, घरात तेव्हा असं सुचतं का?" त्या प्रश्नाला हे उत्तर. यात माझ्याही चुका आहेत.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. खाली दुकान, वर दोन मजले. पहिल्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर पाच माणसांचं कुटुंब: सासू-सासरे, मुलगा, धाकटा दीर आणि मे महिन्यात लग्न होऊन आलेली चोवीस वर्षांची सून. तिची पहिली दिवाळी. हातात अजून लग्नातला हिरवा चुडा, मागेपुढे सोन्याच्या पाटल्या.

वसुबारसेची दुपार. मोठं तळण ओट्यावर नको म्हणून शेगडी खाली जमिनीवर घेतलेली. ही पद्धत तशी बरी असते, कारण कढई कलंडली तरी उंचावरून अंगावर येत नाही. पण तळणारी मांडी घालून बसलेली असते आणि तिला पटकन मागे सरकता येत नाही.

नळाला पाणी एक दिवसाआड, सकाळी. त्या दिवशी ते आलेलं नव्हतं. गच्चीवरची टाकी साफसफाईत रिकामी झालेली. मोरीत एक पिंप, तेही अर्धं.

काय घडलं

सव्वाचारच्या सुमारास सुनेने झाऱ्यावर तीन चकल्या उचलल्या. झारा कढईच्या काठाला अडकला आणि चकल्या परत तेलात आपटल्या. तेलाची लाट डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूने अर्ध्या पुढच्या हातापर्यंत आली. चार-पाच थेंब पंजाच्या मागच्या बाजूवर उडाले. तळणाचं तेल १७० ते १८० अंशांना असतं. उकळतं पाणी १०० अंशांना, आणि ते ओघळून तरी जातं. तेल कातडीला धरून बसतं, म्हणून तेवढ्याच जागेवर ते जास्त खोल भाजतं.

पहिल्या दहा मिनिटांत जे झालं ते नंतर सगळ्यांना विचारून जुळवलं. तिने हात छातीशी धरला आणि पदराने तेल पुसलं. नशिबाने साडी सुती होती आणि कातडी सोलली नाही. सासूबाईंनी गॅस बंद केला. त्या गडबडीतलं हे सर्वांत शहाणपणाचं काम, आणि ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. दीर फ्रिजमधून बर्फाचा ट्रे घेऊन आला. शेजारच्या बाईंनी टूथपेस्ट आणली. सासऱ्यांनी कपाटातलं पिवळं मलम शोधायला घेतलं. मुलगा मला बोलवायला खाली आला. दारातून म्हणाला, "मावशी, जरा वर येता का? हिला थोडंसं पोळलंय."

या शब्दावर थोडं थांबते. मराठीत चटका बसतो, पोळतं, भाजतं आणि जळतं, अशा चार पायऱ्या आहेत. घरातली माणसं नेहमी एक पायरी खालचा शब्द वापरतात, आणि जिला लागलंय ती नवी सून असेल तर दोन पायऱ्या. मी वर गेले तेव्हा ती स्वतः म्हणत होती, "काही नाही मावशी, चकल्या करपतील." मनगट टूथपेस्टने पांढरं झालं होतं आणि कडेने फोड उठायला लागले होते.

अडचण नेमकी काय होती

वैद्यकीयदृष्ट्या अडचण लहान होती. माणसाचा स्वतःचा पंजा, बोटं मिटून धरली तर, त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का भरतो. तिचं भाजलेलं क्षेत्र तिच्या पाऊण पंजाएवढं होतं. क्षेत्रफळाने किरकोळ, पण हात आणि मनगटाचा सांधा आला की ते घरच्या घरी निभावण्याचं प्रकरण राहत नाही, डॉक्टरांना दाखवावंच लागतं. चेहरा, पाऊल, जननेंद्रिय किंवा कुठलाही सांधा भाजला असेल, भाजलेलं क्षेत्र पंजाहून मोठं असेल, जागा पांढरीफटक किंवा काळी दिसत असेल, वीज वा रसायनाने भाजलं असेल, तर हाच नियम. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई आणि मधुमेही यांनाही तोच.

खरी अडचण दुसरीच होती. पाणी कमी, सल्ले फार. आणि भाजलेल्या मनगटावर दोन पाटल्या नि दहा काचेच्या बांगड्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बर्फाचा. दीर ट्रे घेऊन उभाच होता. मी तो परत पाठवला. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच अर्धमेल्या झालेल्या कातडीला रक्त कमी मिळतं. शिवाय दुखणं बधिर होतं, त्यामुळे बर्फानेही कातडी इजा पावतेय हे कळत नाही.

दुसरा, टूथपेस्ट आहे तशी ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. आमचे डॉक्टर सातला बसतात, म्हणजे मध्ये अडीच तास. टूथपेस्ट लावल्यावर गार वाटतं ते तिच्यातल्या पुदिन्याच्या अर्कामुळे. आतली उष्णता तिथेच राहते, आणि डॉक्टरांना ती खरवडल्याशिवाय खाली काय आहे ते दिसत नाही. हळद, तूप, किसलेला बटाटा, शाई यांचंही तेच. सासूबाई हळद-तुपाची वाटी घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, तूप चुलीवरून उतरवलं तरी किती वेळ गरम राहतं? हाताचं तसंच झालंय. वरून तूप लावलं तर आतली ऊब बाहेर कशी यायची?" त्यांनी वाटी खाली ठेवली.

तिसरा, पाणी. वाहतं, साधं, वीस मिनिटं. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केव्हाही धरलं तरी त्याचा उपयोग होतो, लवकर धरलं तर जास्त. यावर माझ्या मनात दुमत नव्हतं. वाहतं पाणी आणायचं कुठून, एवढाच प्रश्न होता.

काय केलं

तिला मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं, हाताखाली परात. दिराला पिंपाजवळ उभं करून तांब्याने सावकाश धार धरायला सांगितलं. धार फोडांवर थेट नाही, त्यांच्या वर चार बोटं, म्हणजे पाणी ओघळत खाली येतं. टूथपेस्ट न चोळता पाण्यानेच जाऊ दिली. पिंप तळाला गेल्यावर माझ्या घरून दोन कळशा आणि माठातलं पाणी आणलं. माठाचं पाणी यासाठी फार चांगलं, गार असतं पण बर्फासारखं झोंबत नाही.

बारा मिनिटं झाली असतील. सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, बास झालं आता. पोरीला हुडहुडी भरेल." सुनेनेही लगेच हात मागे घेतला. आणि मी गप्प बसले. वॉर्डात कोणाला ऐकलं नसतं, पण दुसऱ्याच्या घरी, सणाच्या दिवशी, घरातल्या बाईने बास म्हटल्यावर माझी जीभ रेटली नाही. ही पहिली चूक. हुडहुडीला उत्तर होतं खांद्यावर शाल टाकणं. पाणी थांबवायची गरज नव्हती.

मग बांगड्या. भाजलेला भाग सुजतो, आणि मनगटाला कडं असेल तर सूज त्याच्या दोन्ही बाजूंना फुगून मध्ये आवळ बसतो. म्हणून अंगठी, घड्याळ, बांगडी हे सगळं सूज यायच्या आत उतरवायचं असतं. पाटल्या सैल होत्या. साबणाचा फेस करून, अंगठा आत दाबून त्या काढल्या. तिला दुखलं, पण निघाल्या. वरची पाटली निघाली तेव्हा तिच्याखाली तेलाचा ओशट थर तसाच होता. आमचं बारा मिनिटांचं पाणी तिथे पोचलंच नव्हतं.

काचेच्या बांगड्या कासाराने घट्ट भरलेल्या. पंजावरून ओढल्या तर फोड फुटणार. त्या तिथल्या तिथे फोडाव्या लागणार होत्या. मी पक्कड मागितली आणि घर शांत झालं.

"फोडायच्या?" सासूबाई म्हणाल्या. "वसुबारसेला? पहिल्या दिवाळीला?"

सून माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको म्हणून. मी म्हटलं, बघू, थोडा वेळ थांबू. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी.

पाटलीखालचं तेल डोळ्यांसमोरून जात नव्हतं म्हणून निदान पाणी तरी पुन्हा सुरू करायला लावलं. या वेळी सासऱ्यांच्या हातात घड्याळ दिलं आणि सांगितलं, "भाऊ, वीस मिनिटं तुम्ही मोजायची. तुम्ही सांगेपर्यंत कोणी थांबवायचं नाही." पाच वाजायच्या सुमारास सुरू केलं ते सव्वापाचपर्यंत. घड्याळ त्यांच्या हातात गेल्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. बांगड्या वर-खाली सरकवत प्रत्येकीच्या खाली पाणी घातलं. मग रोलमधून फाडलेली कोरी प्लास्टिकची पिशवी हातावर सैल चढवली आणि हात उशीवर उंच ठेवायला सांगितला. तिला पॅरासिटामॉलची ५०० ची गोळी दिली.

याच वेळी, बाकीचे बाहेर असताना, मी तिला एक प्रश्न विचारला. जळीत वॉर्डात वर्षं काढलेल्या बाईने नवी सून आणि भाजणं हे दोन शब्द एकत्र ऐकले की तो विचारावाच लागतो, आणि एकटीला विचारावा लागतो. "खरंच झारा अडकला ना ग?" ती आधी गोंधळली, मग समजून हसली. म्हणाली, "मावशी, आईंनी मला आज चौथ्यांदा सांगितलं होतं की झारा तिरका धर." तेलाच्या शिंतोड्यांची खूणही तिच्या सांगण्याशी जुळत होती. प्रश्न विचारल्याचा मला आजही संकोच वाटत नाही.

सहा वाजता मनगट सुजलं. बांगड्या रुतायला लागल्या, बोटं जड वाटतात म्हणाली. नखं दाबून पाहिली, रंग परत यायला वेळ लागत होता. मी पक्कड पुन्हा मागायच्या आत सासूबाईंनीच ती आणली होती. त्यांनी आधी सुनेला हळद-कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "वाढवा."

फोडा नाही, वाढवा. बांगडी वाढवायची, दिवा वाढवायचा, अशुभ तोंडातून काढायचं नाही म्हणून मराठीने करून ठेवलेली ही सोय. तासाभरापूर्वी मी पक्कड मागताना हाच शब्द वापरला असता तर? नक्की सांगता येत नाही. पण मी 'फोडूया' म्हटलं होतं, आणि त्या एका शब्दाने त्या घरात जे उभं राहिलं ते मला कळायला हवं होतं.

बांगडी आणि कातडीच्या मध्ये ओल्या गॉजची घडी सरकवली, तिच्या डोळ्यांवर ओढणी घातली आणि भाजलेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला पक्कड लावून एकेक बांगडी वाढवली. सुजलेल्या हातावर प्रत्येक वेळी घडी सरकवताना ती कळवळत होती. तासाभरापूर्वी हेच पाच मिनिटांत झालं असतं.

दवाखान्यात

सातला डॉक्टरांनी पाहिलं. बराचसा भाग गुलाबी, ओलसर आणि हात लावला की दुखणारा. बोटाने दाबलं की पांढरा पडायचा आणि सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायचा. म्हणजे कातडीचा वरचा थर गेला होता, पण खालचा जिवंत होता. अशी जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. पण मनगटाच्या आतल्या अंगाला रुपयाएवढा एक डाग फिका होता. तिथे रंग सावकाश परतायचा, आणि दुखतही कमी होतं. भाजण्यात कमी दुखणं हे चांगलं लक्षण नसतं. डाग बरोबर वरच्या पाटलीच्या जागी होता. तेल पाटलीखाली अडकलं, सोनंही तापलं आणि पाणी उशिरा पोचलं, असा माझा अंदाज. डॉक्टरांनी तो नाकारला नाही.

त्यांनी लहान फोड तसेच ठेवले. फोडाची कातडी हेच सर्वांत चांगलं आवरण, आतलं पाणी घाण नसतं. मनगटाच्या घडीवरचा एक टरटरून फुगलेला फोड मात्र वाकताना फुटणारच होता. तो त्यांनी निर्जंतुक कात्रीने उघडून मोकळा केला. हे काम दवाखान्यातलंच, घरी सुई तापवून करायचं नाही. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन केव्हाचं ते तिला आठवेना, म्हणून एक दिलं. वर पॅराफिन लावलेली जाळीची पट्टी, तिच्यावर गॉज, सैल बँडेज. बोटं मोकळी.

दिराने येताना औषधांच्या दुकानातून चांदीचं पांढरं मलम आणलं होतं. आपल्याकडे भाजलं की ते हातात पडतंच. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं. त्याचा जखमेवर पांढरा चिकट थर बसतो, मग तो फिका डाग खोल चाललाय की भरतोय हे कसं कळणार? शिवाय अशा वरवरच्या जखमा त्या मलमाने उलट सावकाश भरतात, असं आता बहुतेकांचं मत आहे.

पुढचे तीन आठवडे

पहिले दोन दिवस हात उंच, बोटांची उघडझाप तासातासाला. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं, हात पिशवीत बांधून बादलीच्या बाहेर. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलली. चिकटलेली जाळी ओढायची नाही, उकळून गार केलेलं पाणी घालून सुटू द्यायची. खाली पिवळट बुळबुळीत थर दिसला आणि सासूबाई घाबरल्या, "पू झाला." पू नव्हता. भरणाऱ्या जखमेतून पाझरणारं पाणी सुकून असा थर येतो. ताप नव्हता, लाली पसरत नव्हती, दुखणं रोज कमी होत होतं. या तीन गोष्टी त्यांना दाखवल्यावर त्या निवांत झाल्या. पुढे तिच्या ताटातला दही-भात काढून ठेवला तेव्हा मात्र माझा आवाज चढला. भाताने पू होत नाही, आणि जखम भरायला दूध, डाळ, अंडं जे पोटात जाईल ते हवंच असतं.

पाडव्याला दोघं दिवाळसणाला तिच्या माहेरी गेली. इथपर्यंतच्या सगळ्या सूचना मी सासरच्या माणसांना दिल्या होत्या, आणि ती सगळी मागे राहिली. माहेरी आजीने पट्टी सोडली, अंगणातली कोरफड कापली आणि गर लावून वर जुन्या धोतराचा तुकडा बांधला. कोरफडीबद्दल मी कडवट नाही. कातडी शाबूत असलेल्या चटक्यावर ती आराम देते. पण उघड्या जखमेवर अंगणातलं, मातीजवळचं, न धुतलेल्या विळीने कापलेलं पान नको. भाऊबीजेनंतर परत आली तेव्हा जखमेच्या कडा लाल होत्या, लाली बोटभर बाहेर सरकलेली, आणि रात्री ठणका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम स्वच्छ केली, पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आणि तीन दिवस रोज पट्टी बदलायला सांगितली. लालीची कड त्यांनी पेनाने आखून दिली, म्हणजे ती वाढतेय की ओसरतेय हे डोळ्यांनी कळतं. दुसऱ्या दिवशीच ती रेघेच्या आत आली.

निष्पत्ती

बाराव्या दिवशी फिका डाग सोडून सगळं भरलं. डाग एकोणिसाव्या दिवशी बंद झाला. एकविसाव्यापर्यंत उघडा राहिला असता तर डॉक्टर शहरात प्लास्टिक सर्जनकडे पाठवणार होते, कारण तीन आठवड्यांपुढे रेंगाळणारी जखम जाड वण सोडते. जखम बंद झाल्यावर दिवसातून दोन-तीनदा साधं व्हॅसलीन चोळायला आणि उन्हात जाताना लांब बाही घालायला सांगितलं. नवी कातडी उन्हाने काळी पडते. महिनाभर खाज फार होती. सहा महिन्यांनी हाताचा रंग बहुतेक जुळला. रुपयाएवढ्या जागेवर कातडी किंचित जाड आहे, मनगट पूर्ण वाकतं.

पुन्हा प्रसंग आला तर

पाटल्या पहिल्या मिनिटाला, पाण्याच्या धारेखालीच काढीन. आधी पाणी नि मग दागिने, असा क्रम मी नकळत लावला होता. दोन्ही एकदम व्हायला हवं. काचेच्या बांगड्यांसाठी थांबणार नाही. फक्त 'फोडूया' म्हणण्याऐवजी सासूबाईंना बाजूला घेऊन सांगीन की आत्ता दहा वाढवाव्या लागतील, तासाभराने हातही सुजलेला असेल, आणि उजव्या हातात उद्या जास्तीच्या भरू. शेवटी तसंच झालं. दुसऱ्या दिवशी कासार घरी आला आणि उजव्या हातात चार जास्त भरून गेला.

घड्याळ सुरुवातीलाच घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात देईन. वीस मिनिटं हा आकडा मला पाठ होता, पण तो पाळून घेण्याचा अधिकार त्या घरात माझ्याकडे नव्हता.

भाजलेल्या जागेचा फोटो पट्टी बांधण्याआधी काढायचा राहून गेला. माहेराहून आल्यावर आधी कसं दिसत होतं यावर आम्हा तिघांची तीन मतं झाली. आणि सूचना कागदावर लिहून तिच्याच पर्समध्ये ठेवायच्या, कारण घरं बदलली तरी जखम तिच्याबरोबर जाते.

पट्टीच्या बाबतीत आजीला दोष द्यावासा मला वाटत नाही. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी मुद्दाम तळणाच्या दिवशी वर गेले. शेगडीपासून हातभर अंतरावर झाकण घातलेली भरलेली बादली होती, वर तांब्या. पाटल्या देव्हाऱ्यात काढून ठेवलेल्या. हिरव्या बांगड्या मात्र सुनेने कोपराकडे सरकवून वर रबर लावलं होतं. मी त्याकडे बघतेय हे सासूबाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "पक्कड पण काढून ठेवलीय, सिस्टर. तुम्ही चकली घ्या."